आठव्या दगडापुढचा मैल

वर्धा,
१२ नोव्हेंबर १९५७

श्री. तानबा यांना,

माझं पत्र पाहून तुम्हाला नवल वाटेल. तुमचा रोहण्याचा पत्ता तिथल्या शाळेचे मास्तर पुंडलिकराव यांनी दिला. परीक्षेच्या कामासाठी ते इथे आले होते.

रस्त्यावर मी तुम्हाला नेहमी एकेरीत हाक मारायची. तुम्ही माझ्याहून बारा वर्षांनी लहान, पण कारण वयाचं नव्हतं, हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. आज कागदावर 'तुम्ही' उमटलं आहे. असू द्या.

तुम्ही वर्धा सोडून पावणेतीन वर्षं होत आली. तुमच्या खोलीत आता एक शिंपी राहतो. तुम्ही काठी टेकवायचात त्या कोपऱ्यात त्यानं मशीन ठेवलं आहे. मी त्या बाजूनं फारशी जात नाही. परवा जावं लागलं, म्हणून दिसलं.

कामाचं लिहिते. कपड्याच्या दुकानाचे मोतीलालजी पुन्हा लांब शर्यत भरवताहेत. रविवार, २ फेब्रुवारी. रस्ता तोच, आर्वीचा. तेरा मैल जायचं, तेरा मैल परत यायचं, सव्वातीन तासांच्या आत. जो येईल त्याला जिल्ह्यातर्फे नागपूरच्या मोठ्या शर्यतीला पाठवणार. मोतीलालजी म्हणाले, "बाई, घड़ी तुम्हारी, रस्ता सरकारचा आणि चाल तानबाची. बाकी सब मैं देख लूँगा."

या खेपेला सिंदी रेल्वे गावचा गुलाब नावाचा मुलगा आहे. तिथल्या जिनात कापसाचे बोजे उचलतो. अंगात ताकद फार, पण पहिल्या तीन मैलांत उधळून जातो. तो मला म्हणाला, "तानबाकाका समोर असन तरच धावतो मी बाई. नाई त मले मायी चालच समजत नाई."

तुमच्यामागे धावून किती जण वेळेत पोचले ते मी पाहिलं आहे. पोलिसातले दोघे, तो कृषी खात्यातला पोरगा, आणि बाभुळगावचा तो बुटका. तुम्ही बावीस वर्षं या रस्त्यावर डाक घेऊन धावलात. डाक मोटारीनं जायला लागली तरी चाल तुमच्या पायांत राहिली. मुलांनी नुसतं तुमच्या काठीच्या घुंगरांमागे यायचं, मान वर करायची नाही. आणि शेवटची दोनशे पावलं उरली की तुम्ही रस्त्याच्या कडेला व्हायचात. एकदा मी विचारलं होतं, "तू का नाही फितीपर्यंत जात?" तुम्ही म्हणालात, "मले काय करायची फीत? माया रोजचाच रस्ता हाय."

श्रावणच्या शर्यतीनंतर तुम्ही काठी हातात घेतली नाही असं कळलं. तानबा, ६ मार्चला जे झालं त्यात कुणाचाच दोष नव्हता. ऊन फार होतं. तेवीस मैल धावून एकवीस वर्षांचं पोर पडतं आणि दुपारी जातं, त्याला कुणी काय करणार? तुम्ही त्याचे बाप होतात आणि त्याच्या पुढे धावत होतात, एवढंच.

गुलाबसाठी या.

तुमच्या कमलाला आशीर्वाद. चौथीत तिच्याइतकं स्वच्छ वाचन माझ्या वर्गात कुणाचं नव्हतं.

सुलोचनाबाई


वर्धा,
२ डिसेंबर १९५७

श्री. तानबा यांना,

पुंडलिकरावांनी तुमचा निरोप आणला. त्यांनी तो तुमच्या शब्दांत सांगितला, आणि सांगून झाल्यावर चहा न घेताच उठले. "बाईले सांगजा, माया पाय खोटा निंगाला. ज्या पायानं पोरगं खाल्लं तो मी आता कोणाच्या म्होरं टाकत नाई."

दारापाशी जाऊन ते परत वळले आणि आणखी एक गोष्ट सांगितली. ती मला ठाऊक नव्हती.

ते म्हणाले, कमला तुमच्याशी बोलत नाही. स्वयंपाक करते, ताट वाढते, पाणी ठेवते. पण शब्द नाही. शर्यतीनंतर समितीनं जो कागद पाठवला होता तो तिनंच तुम्हाला वाचून दाखवला, आणि 'चाल धरून देणाऱ्याची चाल आठव्या दगडापुढे मंदावली, ती भरून काढण्यासाठी धावणाऱ्यास एकट्यानं जोर करावा लागला' हे वाक्य संपल्यावर तिचं तोंड मिटलं ते मिटलंच. आईमागे श्रावणला तिनं कडेवर वाढवलं. स्वतःचा संसार मोडून माहेरी आली तेव्हाही तोच तिला घ्यायला स्टेशनवर गेला होता. हे मला माहीत आहे, म्हणून तिला बोल लावत नाही.

पण पुंडलिकराव म्हणाले की माझं पत्र आलं तेव्हा तुम्ही ते तिच्यापुढे धरलंत, आणि तिनं वाचलं. तुम्ही म्हणालात, "वाच ना माय, अजून एक खेप." तिनं पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा. त्या पत्रात तीनदा ऐकावं असं काही नव्हतं, हे मला लिहितानाच कळत होतं. तुम्ही पत्र ऐकत नव्हता. लेकीचा आवाज ऐकत होता.

म्हणून हे पत्र लांब लिहिते.

काय लिहू? माझ्या घड्याळाचं लिहिते. तुम्ही त्याला 'बाईचं देवघर' म्हणायचात. नागपूरला कॉन्व्हेंटात आमच्या ड्रिलच्या सिस्टर ॲग्नेस होत्या. उंच, सदा सर्दी झालेल्या. मैदानाच्या कडेला पांढऱ्या रंगाचे दगड मांडून त्या आम्हा मुलींना धावायला लावायच्या. साडी कमरेला खोचून आम्ही धावायचो आणि प्रत्येक दगडाशी त्या ओरडून सेकंद सांगायच्या. एकदा मी म्हटलं, सिस्टर, आज मला बरं धावल्यासारखं वाटलं. त्या म्हणाल्या, वाटतं ते चुकतं, मुली. घड्याळ आणि दगड चुकत नाहीत. मी शाळा सोडताना त्यांनी ते घड्याळ माझ्या हातात ठेवलं. पुढं लग्न झालं, चार वर्षांत मोडलं, इथे मुलींच्या शाळेत नोकरी लागली, सायकल घेतली, आणि सगळं गाव मला 'सायकलवाली बाई' म्हणू लागलं. नत्थू टांगेवाला अजूनही मी दिसले की घोड्याला सांगतो, "हट रे, मेमसाहेबाची गाडी येऊन राह्यली." त्या सगळ्या वर्षांत सिस्टरांचं वाक्य मात्र मी कधी तपासून पाहिलं नाही.

आणखी एक सांगते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सकाळी मी आर्वी रस्त्यानं सायकल काढते, तेव्हा मागून अनवाणी पावलं येतात. सूर्य चांगला वर आलेला असतो, शेतांत बाया कापूस वेचत असतात, बैलगाड्या जात असतात. तरी येतात. मी वळत नाही. प्रत्येक मैलाच्या दगडाशी श्रावण विचारायचा तेच कुणी विचारतं, "बाई, किती झाले?"

आता घड्याळ मी कपाटात ठेवते. तरी विचारतो.

सुलोचनाबाई


वर्धा,
२३ डिसेंबर १९५७

श्री. तानबा यांना,

काल रविवारी गुलाबचा सराव झाला. ते सांगायला हवं.

मोतीलालजी नत्थूच्या टांग्यात, हातात नवं घड्याळ. मी सायकलवर. चाल धरायला कुणी नाही, म्हणून पोलिसातला एक शिपाई पुढे घातला होता. तो बिचारा घड्याळाकडे पाहत धावतो. पण खरं सांगायचं तर आठव्या दगडापर्यंत मुलगा छान चालला होता. मैलाला सव्वासात मिनिटं, थोडं इकडेतिकडे.

नवव्या दगडाशी मोतीलालजी टांग्यात उभे राहिले आणि ओरडले, "दो मिनट गए! अरे पूरे दो मिनट गए! सो रहा है क्या?"

गुलाबनं माझ्याकडे पाहिलं. "बाई, काऊन? म्या त चाल सोडली नाई."

मी हँडलकडे पाहत पायडल मारत राहिले.

त्यानं शिपायाला मागे टाकलं. अकराव्या दगडापाशी रस्त्याच्या कडेला बसून ओकला. घाबरू नका, तो बरा आहे. नत्थूनं त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं आणि म्हणाला, "बाप्पा, हे पोरगंही त्याच जागी बिघडून राह्यलं. त्या मैलात काही हाय." मोतीलालजींनी त्याला गप्प केलं. पण टांगा परत निघाला तेव्हा ते स्वतः रामनाम घेत होते.

त्या मैलात काही आहे, तानबा. भूत नाही. काय आहे ते मला माहीत आहे आणि तुम्हालाही माहीत होतं. तुम्ही त्या दिवशी मला सांगितलं होतंत.

कमला, इथे थांबून पाणी पी.

मी हे पान तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. काल घरी आले तेव्हा ओसरीवर बसून राहिले. गुलाबचा चेहरा डोळ्यांपुढून जात नव्हता. मधूनच तो श्रावणचा होई. मी एका मुलाला ओरडून धावायला लावलं आणि दुसऱ्याला गप्प राहून. यात कोणतं कमी, हे ठरवता येत नाही.

पुढचं आज लिहवत नाही. तुम्हाला वाटेल, बाई पत्र लांबवते आहे. हो, लांबवते आहे. पुंडलिकराव सांगत होते की दुसरं पत्रही तिनं दोनदा वाचलं, आणि सिस्टरांच्या सर्दीपाशी ती हसली. तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसला होता, म्हणून तुम्हाला ते दिसलं नसेल. ऐकू आलं असेल.

सुलोचनाबाई


वर्धा,
१० जानेवारी १९५८

तानबा,

आज काही लपवत नाही.

त्या दिवशी निघताना हिशेब असा होता. मैलाला सव्वासात मिनिटं आणि वळताना पाणी प्यायला दीड मिनिट धरलं तर तीन तास दहा मिनिटांत पोचायचं. पाच मिनिटं हाताशी. तुम्ही पुढे, श्रावण तुमच्यामागे सहा पावलांवर, मी बाजूनं सायकलवर. आठव्या दगडापर्यंत तुमचा एकही मैल दहा सेकंदांनी चुकला नाही. श्रावण विचारायचा, "बाई, किती झाले?" आणि मी म्हणायची, "बरोबर." तो हसायचा. खालचा एक दात थोडा तिरपा होता त्याचा.

नवव्या दगडाशी मी घड्याळ पाहिलं. नऊ मिनिटं. मी ओरडले, "तानबा, काय हे! पावणेदोन मिनिटं गेली!"

तुम्ही मान न वळवता म्हणालात, "नाई बाई, चाल तेच हाय. हा मैल लंबा हाय."

"मैल मैलच असतो!"

"चारशे पावलं जास्त पडतेत याच्यात. डाकेच्या वक्तापासून पडतेत. पोराले भेवाडू नका."

मी हसले. होय, हसले. सरकारनं दगड रोवला आहे, त्यावर आकडा कोरला आहे, आणि ज्याला तो आकडा वाचता येत नाही असा माणूस मला मैलाची लांबी सांगतो आहे, असं माझ्या मनात आलं. अगदी याच शब्दांत आलं. तुमच्यासारख्यानं हे मला सांगावं, हेही त्यात होतं. लिहिताना लाज वाटते, पण लिहिते.

तेराव्या दगडाला वळसा घालून परत आलो. नवव्यापासून आठव्यापर्यंत पुन्हा तोच मैल, पुन्हा नऊ मिनिटं. श्रावणनं विचारलं, "बाई, किती झाले?" मी म्हणाले, "साडेतीन मिनिटं मागे आहेस तू! बापाच्या भरवशावर राहिलास तर गेलं सगळं!"

साडेतीन मिनिटं गेली हे घड्याळानं खरं सांगितलं होतं. पण पाचातून साडेतीन गेली तर दीड उरतं. ते दीड मिनिट मला दिसत होतं आणि मी ते सांगितलं नाही. काठावर येणं मला नको होतं. मोतीलालजींच्या दुकानात बसून मी सगळ्यांना सांगितलं होतं की माझा धावणारा तीन तास दहालाच येईल. माझा धावणारा, असं म्हटलं होतं मी.

श्रावण तुम्हाला ओलांडून पुढे गेला. तुम्ही हाक मारलीत, "शावन्या, मांगं हो! मांगं हो रे बापू!" त्यानं बाईचं ऐकलं. बाई शिकलेली होती.

तिसऱ्या दगडाअलीकडे तो पडला. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

चार दिवसांनी समितीत मोतीलालजींनी विचारलं, नेमकं काय झालं? मी म्हणाले, तानबाची चाल आठव्या दगडापुढे मंदावली. त्यांनी लिहून घेतलं, मी वाचलं आणि खाली सही केली. तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं. एवढाच माझा बचाव आहे, आणि तो फक्त एक वर्ष पुरला.

६ मार्च १९५६ ला, त्याच्या वर्षाला, मी एकटीच सायकलनं गेले. आठव्या दगडापुढे गेल्यावर दिसलं की जुन्या बाभळींची एक रांग रस्ता सोडून सरळ खाली नाल्यात उतरते. तिथे एक म्हातारी शेळ्या चारत होती. तिला विचारलं, ही झाडं अशी मध्येच कशी? ती म्हणाली, "तो जुना रस्ता हाय ना बाई. रपटा वाहून गेला तवा रस्ता वरतून फिरवला." नाल्यावरचा ठेंगणा फरशीपूल गेला, रस्ता फिरवला, वळसा पडला, आणि नववा दगड होता तिथेच राहिला.

मी एका मुलीची लाल रिबीन सायकलच्या मागच्या चाकाला बांधली आणि चाकाचे फेरे मोजले. सातव्यापासून आठव्यापर्यंत सातशे अडतीस. नवव्यापासून दहाव्यापर्यंत सातशे चाळीस. आठव्यापासून नवव्यापर्यंत नऊशे बावीस. पाव मैल जास्त, तानबा. तुमची चारशे पावलं. मोजताना तो मागे होताच. "बाई, किती झाले?" मी मोठ्यानं आकडा सांगितला, तरी तो गेला नाही. तो आकडा त्याला सांगायचा नव्हता. तुम्हाला सांगायचा होता.

आणखी एक. घरी येऊन मी कागदावर मांडलं. तो मैल दोनदा लांब धरूनही, तुम्ही जसे नेत होतात तसेच नेलं असतंत, तर श्रावण तीन तास चौदा मिनिटांच्या आत पोचला असता. वेळेत. तुमच्यामागे, हसत.

तुमचा पाय खोटा नव्हता. त्या रस्त्यावर तेवढाच एक खरा होता. आणि हे मला माहीत असून मी बावीस महिने गप्प राहिले.

काल मोतीलालजींकडे जाऊन हे सगळं सांगितलं. आधी ते म्हणाले, "बाई, क्या बोल रही हो? पत्थर सरकारी है!" मग बराच वेळ कापडाच्या गठ्ठ्यावर हात फिरवत बसले. शेवटी दौत पुढे ओढून म्हणाले, "तो दोष किसका लिखूँ?" मी म्हणाले, माझा लिहा. त्यांनी लिहिलं. जुना कागद रद्द झाला. नवा याच पाकिटात आहे, खाली माझी सही आहे.

२ फेब्रुवारीला घड्याळ माझ्या हातात असणार नाही. गुलाबला मी सगळं सांगितलं आहे. दगडांकडे पाहायचं नाही, हे त्याला कळलं. पण मग कशाकडे पाहायचं, हे त्याला सांगणारं इथे कुणी नाही. तुम्ही यावं असं म्हणायचा हक्क मी गमावला आहे. तो मुलगा काल म्हणाला, "काकाले सांगा, मी त्याहीच्या मांगंच राहीन. कोणीही ओरडो." तेवढं कळवते.

कमला, आता तुझ्याशी.

तू मध्येच थांबली असशील, हे मला माहीत आहे. कुठे, तेही सांगू शकते. 'बाईचं ऐकलं' इथे. थांबली असशील तर परत मागे जा आणि तिथपासून इथपर्यंत त्यांना मोठ्यानं वाच. एकही शब्द गाळू नकोस. मला वाचवू नकोस. मी तुला वाचायला शिकवलं. मीच सही केलेलं खोटं एकदा तुझ्या तोंडून तुझ्या बापाच्या कानात गेलं. खरंही तुझ्याच तोंडून जायला हवं, म्हणून पुंडलिकरावांना मी मुद्दाम सांगितलेलं नाही.

आधीची पत्रं मी तुझ्या आवाजासाठी लांबवली असं स्वतःला सांगत होते. ते अर्धंच खरं होतं. हे पत्र वाचल्यावर तू माझं नाव पुन्हा घेणार नाहीस, याची भीती जास्त होती. नको घेऊस. माझ्याकडून आता पत्र येणार नाही.

ते बहुधा भिंतीकडे तोंड करून बसले असतील. इथे माझा कागद संपतो. पुढचं मी लिहून दिलेलं नाही, कमला. ते तुझं तू बोल.

सुलोचना